सोबोट्काची शंका

डॉर्टमुंड. रात्रीचे एक चाळीस.
शेवटची ट्राम गेली की जमीन जराशी सैलावते
आणि तळघरातल्या, हवेवर तोललेल्या टेबलाला
थरथरायला निमित्त उरत नाही.

वीब्के गॉगल चढवते.
क्रायोस्टॅटच्या पोटात, हेलियमच्या गारठ्यात,
नखातल्या चंद्राएवढा अर्धवाहकाचा तुकडा.
त्यात ठिपके,
अब्जावधी, आपसूक उमटलेले,
एकाला दुसऱ्याशी जोडणारी रेघ नसलेले.
ठिपक्यात एकेक इलेक्ट्रॉन,
इलेक्ट्रॉनला त्याची फिरकी.
ती कशाभोवतीच फिरत नसते म्हणे,
पण दुसरा शब्द कुणाला सुचलेला नाही अजून.

‘फिरत नाही, तरी फिरकी?’
सोबोट्का पाना पुसतो. ‘माझीच घेतेयस.’

सोबोट्का म्हणजे पंप, नळ्या, गळके वॉशर.
तीस वर्षं झाली. उरले सतरा दिवस.
आजा कोळशाच्या खाणीत, बाप त्याच खाणीत,
हा जमिनीखाली उतरला तो दोन जिने फक्त.
घरामागच्या माळ्यावर बेचाळीस कबुतरं, शर्यतीची.

लेझरचा झोत डोळ्यांना दिसत नाही.
ती कार्ड आडवं धरते, तेव्हा त्यावर
नारिंगी टिकली पेटते, मग कळतं, आहे.
‘हा पहिला ठोका. इतका आखूड, की त्याच्यापुढे
पापणी लवणं म्हणजे युग.
हात न लावता सगळ्या फिरक्या एका रांगेत उभ्या.’
‘आणि मग?’
‘मग चुंबक त्यांना घुमवतो. कुठला ठिपका थोराड, कुठला खुजा,
ज्याची त्याची चाल. बघ.’
पडद्यावरची लाट दोनचार हेलकावे खाते
आणि आडवी होते.

‘मेल्या?’
‘पांगल्या.’

ती खुर्ची फिरवून त्याच्याकडे वळते.
‘समज, रेगेन्सबुर्गला टेम्पोतून
तुझी बेचाळीसच्या बेचाळीस सोडलीस.
तासाभरात चपळ कुठल्या कुठे, आळशी मागे.
बरोब्बर तासानं कुणीतरी शीळ घालतं.
सगळी माघारी वळतात, आपापल्याच चालीनं.
जो लांब गेला त्याला लांबचं अंतर, जो रेंगाळला त्याला थोडं.
दुसरा तास भरतो तेव्हा
सगळी एकदम, एकाच क्षणी, हजर.
ती शीळ म्हणजे माझा दुसरा ठोका.’

सोबोट्का बराच वेळ पाना पुसत राहतो,
पुसण्यासारखं त्यावर काही उरलेलं नसताना.
‘हजर कुठे? टेम्पोपाशी.
म्हणजे घरी कुणी पोचलंच नाही.’
‘नाही.’
‘आणि जिंकलं कोण?’
‘कुणीच नाही.’
‘आणि मधेच ससाण्यानं उचललं ते?’

वीब्के उत्तर देत नाही.
ती दुसरा ठोका सोडते.
आडव्या पडलेल्या रेघेवर, जिथे आता काहीच असायला नको,
उंचवटा येतो, दोन हेलकावे, तीन,
हळूच वर, हळूच खाली.
पहिल्यापेक्षा ठेंगणा.

‘तेवढा ससाणा,’ ती बोट ठेवते.
‘ठिपक्याठिपक्यात लाखभर अणुकेंद्रं कुजबुजत असतात.
ती घेऊन जातात थोडं, दर खेपेला.
सगळं निघून जायला किती वेळ लागतो
तोच आकडा मी चार वर्षं मोजतेय.’

तो हेलियमच्या वहीत तारीख घालतो, दाब लिहितो.
सही करता करता सांगतो,
एक राखाडी मादी होती. अंगठीचा नंबर अजून पाठ आहे.
वादळाचा रविवार. बाकीची आली, ही नाही.
अकराव्या दिवशी बागेच्या फाटकातून
चालत आली,
पंख लोंबत होता.
शर्यतीच्या घड्याळाला केव्हाच सील लागलेलं,
अंगठी टाकायची कुठे?

‘मग काय केलंस?’
‘काय करणार. मटार टाकले.’

चार बावन्न. वरून पहिली ट्राम जाते.
पडद्यावरचा उंचवटा शहारतो.
वीब्के शिवी देते, जर्मनमधली, लांबलचक,
आणि तीच मोजणी
पुन्हा पहिल्या ठोक्यापासून लावते.